वडिलांनी अटॅचमेंट उघडली, आता कोणता अँटीव्हायरस घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे, गिरगावात राहतात. विचारणारी मुलगी ठाण्याला. बाबा डेस्कटॉपवर शेअर बघतात, आयकराचं रिटर्न स्वतः भरतात, नेट बँकिंगही त्याच मशीनवर. मागच्या मंगळवारी ‘आपला आयकर परतावा मंजूर झाला आहे’ असा मेल आला. सोबत झिप फाइल, आणि तिचा पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. बाबांनी ती उघडली, आतल्या फाइलवर क्लिक केलं, काहीच उघडलं नाही म्हणून आणखी दोनदा केलं आणि सोडून दिलं. मशीन व्यवस्थित चालू आहे. शेजारचे काका म्हणतात फॉरमॅट मारा (म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका), दुकानदार म्हणतो चांगला अँटीव्हायरस टाका. तर कोणता टाकू, आणि फॉरमॅट खरंच लागेल का?

ताई, मी २२ वर्षं दादर ते ठाण्याच्या पट्ट्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. अँटीव्हायरसचं शेवटी बोलू, कारण या प्रकरणात तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. आधी ‘काहीच उघडलं नाही’ याकडे बघू. तुमच्या पत्रातलं मला काळजी वाटायला लावणारं वाक्य ते आहे.

खरी पीडीएफ खराब झालेली असली तरी काहीतरी दिसतं. खिडकी उघडते, ‘फाइल उघडता येत नाही’ म्हणून कुरकुर होते. क्लिक केल्यावर पडद्यावर पानही हललं नाही, तर बहुतेक वेळा ती फाइल म्हणजे कागद नव्हता, प्रोग्राम होता, आणि त्याचं काम गुपचूप चालणं हेच होतं. पूर्वीचे व्हायरस दंगा घालायचे. मशीन गोगलगाय व्हायचं, आयकॉन नाचायचे. आताचे चोर मशीनला धक्काही लावत नाहीत. ब्राउझरमध्ये ‘सेव्ह’ केलेले पासवर्ड आणि लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकी उचलायच्या, पाठवायच्या, संपलं. काही मिनिटांचं काम. त्यामुळे ‘मशीन व्यवस्थित चालू आहे’ यावर मी तरी विसंबणार नाही.

म्हणून हे वाचून झाल्यावर पहिलं काम: बाबांना फोन करून इंटरनेटची वायर काढायला सांगा, वायफाय असेल तर ते बंद. मशीन बंद करून ठेवलं तरी चालेल. मग पासवर्ड बदला, पण त्या मशीनवरून नाही. तुमच्या फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून. सुरुवात बँकेपासून करावीशी वाटते, पण आधी ईमेलचा बदला. बाकी सगळ्यांचे ‘पासवर्ड विसरलात का’ हे मेल तिथेच येतात, म्हणजे ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळ्या चाव्या. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन ओळखीची नसतील ती सगळी उपकरणं लॉगआउट करा, कारण चोरलेली कुकी पासवर्डशिवायही चालू शकते. मग बँक, मग शेअर ब्रोकर, मग आयकराचं पोर्टल. बँकेला फोन करायचा तो कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर, मेलमधल्या नंबरवर नाही. आणि खात्यातून एक रुपया जरी हललेला दिसला तर वाट न बघता १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लावा. तिथे जितक्या लवकर तक्रार जाते, तितकी पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवला जायची शक्यता जास्त.

एवढं झालं की श्वास घ्या. आता फॉरमॅटचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ती फाइल नेमकी काय होती यावर अवलंबून आहे.

नेट बंद ठेवूनच मशीन चालू करा, ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडा. कशावरही डबल क्लिक करू नका. वरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘डिटेल्स’ निवडा. नावापुढे तारीख, प्रकार, आकार असे रकाने दिसतील. त्यातला ‘टाइप’ हा रकाना वाचायचा. मी आजोबा-आजींना एवढंच शिकवतो, की नाव वाचू नका, आयकॉन बघू नका, टाइप वाचा. नाव कोणीही काहीही ठेवतं. आयकॉनही लाल पीडीएफचा चिकटवता येतो. टाइपच्या रकान्यात ‘अॅप्लिकेशन’ लिहिलं असेल तर ते बिल नव्हे, परतावा नव्हे, तो प्रोग्राम आहे. 

नावातली फसवणूक जुनीच आहे. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं. त्यामुळे ‘रिफंड डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ नावाची फाइल पडद्यावर ‘रिफंड डॉट पीडीएफ’ एवढीच दिसते. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा मेल जगभर पसरला तो याच युक्तीवर. प्रेमपत्र म्हणून जी टेक्स्ट फाइल दिसत होती तिच्या शेवटी व्हीबीएस हे शेपूट होतं. पाव शतक उलटलं, विंडोजच्या इतक्या आवृत्त्या आल्या, तरी शेपूट लपवण्याची ती सवय कारखान्यातून येताना चालूच असते. विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मशीनवर मी हे आधी करतो. एक गोम मात्र आहे: शॉर्टकट फाइलचं शेपूट ही खूण करूनही दिसत नाही. म्हणून पुन्हा तेच, टाइपचा रकाना.

आता बाबांच्या फाइलचा टाइप ‘अॅप्लिकेशन’, ‘शॉर्टकट’, ‘जावास्क्रिप्ट फाइल’, ‘व्हीबी-स्क्रिप्ट’ किंवा ‘डिस्क इमेज’ यांपैकी निघाला, तर माझ्या हिशेबात फॉरमॅट. ज्या मशीनवर नेट बँकिंग होतं, त्यावर असलं काही तीनदा चालवलं गेलंय. ते अँटीव्हायरसने पुसून ‘स्वच्छ’ असं सांगितलं तरी मला झोप येणार नाही. माझ्याच धंद्यातले काहीजण म्हणतील स्कॅन करून सोडून द्या. गेम खेळायच्या मशीनला मीही तेच म्हणेन. बँकेच्या मशीनला नाही. 

टाइप ‘एचटीएमएल’ असेल तर गोष्ट वेगळी. तो बहुतेक वेळा नुसता खोटा लॉगिनचा फॉर्म असतो, बँकेसारखा किंवा आयकर खात्यासारखा दिसणारा. त्यात बाबांनी काही भरलं असेल तर ते गेलं, पासवर्ड बदला, पण तेवढ्यासाठी फॉरमॅट मारायची गरज नाही. साधी पीडीएफ असेल तर आतल्या लिंकवर गेले होते का ते विचारा. वर्ड किंवा एक्सेलची फाइल असेल तर वरच्या पट्टीवर ‘एनेबल कंटेंट’ दाबलं होतं का, हे विचारा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेले छोटे प्रोग्राम, ऑफिस २०२२ पासून आपणहून अडवतं, पण जुनं ऑफिस असेल तर ती पट्टी पिवळी असते आणि तिच्यावर बटण असतं. ‘मजकूर बघण्यासाठी हे बटण दाबा’ असं फाइलच सांगत असेल, तर तिथेच चोर ओळखायचा.

टाइप कळला नाही, बाबांनी फाइल डिलीट केली, तर? मग विंडोज सिक्युरिटीमधून ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. त्यात काही सापडलं तर फॉरमॅट, नाही सापडलं तर निर्णय तुमचा. मी तुमच्या जागी असतो तर मारलं असतं. फॉरमॅटच्या आधी फोटो आणि कागदपत्रं कॉपी करून घ्या, पण झिप आणि सेटअप फाइली सोबत नेऊ नका. पाहुणा बाहेर काढून त्याची पिशवी घरात ठेवण्यासारखं होईल ते.

आता मूळ दुखणं. बाबा भोळे नाहीत. स्वतः रिटर्न भरणारा माणूस भोळा नसतो. त्यांना ही सवय आपल्याच व्यवस्थेने लावली आहे. विचार करा, त्यांना रोज काय येतं? ब्रोकरची काँट्रॅक्ट नोट (शेअरच्या व्यवहाराची पावती), पासवर्ड पॅन नंबर. शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीचं महिन्याचं स्टेटमेंट, पासवर्ड पॅन. आयकर खात्याची कलम १४३(१)ची सूचना, पासवर्ड लहान अक्षरांत पॅन आणि पुढे जन्मतारीख. बँकेचं स्टेटमेंट, पासवर्ड नावातली काही अक्षरं आणि जन्मतारीख असलं काहीतरी. म्हणजे ‘कुलूप लावलेली अटॅचमेंट आली, पासवर्ड टाकायचा, उघडायचं’ हा त्यांच्या हाताला बसलेला वळणाचा रस्ता आहे. चोराने फक्त त्या रस्त्यावर येऊन हात दाखवला.

पण खऱ्या आणि खोट्या कुलपात एक फरक आहे, आणि तो बाबांच्या लगेच लक्षात येईल. खऱ्या मेलमध्ये पासवर्ड कसा बनवायचा एवढंच सांगितलेलं असतं. तो बनतो तुमच्या माहितीतून. ‘पासवर्ड १२३४’ असा आयता दिलेला नसतो. कारण उघड आहे: कुलूप लावून त्यालाच चावी लटकवली तर कुलूप कशाला? चोर ते कुलूप तुमच्यासाठी लावत नाही, आतला माल मेल तपासणाऱ्या यंत्रणेपासून लपवण्यासाठी लावतो. झिपला पासवर्ड असला की मेल कंपनीच्या अँटीव्हायरसला आतला ऐवज तपासता येत नाही. दुसरं म्हणजे, खरी पत्रं बहुतेक थेट पीडीएफ म्हणून येतात. पीडीएफला कुलूप, चालेल. झिपला कुलूप आणि चावी मेलमध्येच, तर उघडायचं नाही. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना मी हा एक नियम पाठ करायला लावलाय.

पाठवणाऱ्याचं नाव बघून काही ठरवू नका. ते कोणीही काहीही लिहू शकतं. त्यापेक्षा मेलमधून कुठेही जायचंच नाही. परतावा मंजूर झालाय म्हणता? ठीक आहे, ब्राउझर उघडा, आयकराच्या पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा, लॉगिन करून बघा. परतावा खरा असेल तर तिथे दिसेल. बँकेचंही तेच. बँकांच्या बाबतीत तर सोय झाली आहे: रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं होतं, आणि हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं. पत्त्याच्या सुरुवातीच्या ‘https://’नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी हे शब्द आहेत का, तेवढं बघायचं. मध्येच कुठेतरी असून उपयोग नाही.

तर इथपर्यंतचं: आज पासवर्ड बदलायचे, फाइलचा टाइप बघून फॉरमॅट ठरवायचं, आणि चावी लटकवलेली झिप उघडायची नाही. पण मी नुसत्या ‘नाही उघडायचं’वर भरवसा ठेवत नाही. ७१व्या वर्षी काय, ३१व्या वर्षीही माणूस थकलेला असतो, चष्मा सापडत नसतो, कुकर शिट्ट्या देत असतो. मागच्या वर्षी मी स्वतः ‘कुरिअर परत गेलं’ असा मेसेज उघडता उघडता थांबलो, कारण त्या दिवशी खरंच एक हार्ड डिस्क यायची होती. चूक होणार हे धरून चाला, आणि ती झाली तर किती महागात पडेल ते आधीच कमी करून ठेवा.

त्यासाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे बाबांचं रोजचं खातं ‘स्टँडर्ड’ करणं. घरच्या जवळपास प्रत्येक मशीनवर मला एकच खातं दिसतं आणि ते ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ असतं. म्हणजे घरातला प्रत्येकजण चोवीस तास तिजोरीची किल्ली कमरेला लावून फिरतोय. एक नवीन खातं अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काढा, त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा, आणि मग त्या नव्या खात्यात शिरून सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, ‘अदर युजर्स’ इथून बाबांचं नेहमीचं खातं स्टँडर्ड करा. त्यांच्या फाइली, त्यांचा वॉलपेपर, सगळं जिथल्या तिथे राहतं. फरक एवढाच की काही इन्स्टॉल होऊ पाहिलं की पासवर्ड मागितला जातो, आणि त्यांना तुम्हाला फोन करावा लागतो. तो फोन हाच खरा अँटीव्हायरस आहे. बाबांना हे अपमानाचं वाटू शकतं. माझ्या एका गिऱ्हाइकाने ‘माझ्याच घरात मी भाडेकरू’ म्हणून आठवडाभर अबोला धरला होता. त्यावर माझं उत्तर, की माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवरही मी असाच भाडेकरू आहे. ते खरं आहे.

याने सगळं थांबतं असं मात्र नाही. स्टँडर्ड खात्यातूनही पासवर्ड चोरणारा प्रोग्राम चालू शकतो, आणि त्या खात्यातले फोटो-कागद कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअरही. पण तो अँटीव्हायरस बंद करू शकत नाही, मशीनच्या मुळाशी जाऊन बसू शकत नाही, दुसऱ्याच्या खात्यात शिरू शकत नाही. आणि ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड सेव्ह केलेलाच नसेल तर तिथून तो चोरताही येत नाही. पासवर्ड वहीत लिहून वही कपाटात ठेवा. हसू नका. गिरगावातल्या गोदरेजच्या कपाटापर्यंत इंटरनेटवरचा चोर पोचत नाही.

आता एक विचारतो, रागावू नका: मशीनवरचं विंडोज विकतचं आहे की दुकानातून ‘टाकून’ आलंय? असेंबल केलेल्या मशीनवर फुकटचं विंडोज किंवा ऑफिस चालू करायला जो अॅक्टिव्हेटर लागतो, त्याला अँटीव्हायरस पकडतो. मग टाकणारा माणूस काय करतो? विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन अपवादांची यादी असते तिथे फोल्डर घालून ठेवतो. कधी कधी कंटाळा येऊन पूर्ण सी ड्राइव्हच. म्हणजे वॉचमन दारात बसलाय, पण त्याला सांगून ठेवलंय की इमारतीकडे बघायचं नाही. तुमच्याकडे बघा: ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, त्यात ‘मॅनेज सेटिंग्ज’, खाली ‘एक्सक्लूजन्स’. यादी रिकामी असायला हवी. तिथे काही असेल आणि ते का आहे हे कोणी सांगू शकत नसेल, तर काढून टाका. याच पानावर ‘टँपर प्रोटेक्शन’ही (अँटीव्हायरस कोणी परस्पर बंद करू नये म्हणून असलेली सोय) चालू आहे ना ते बघा.

फुकटच्या सॉफ्टवेअरवरून एक घडलेलं सांगतो. उपनगरातली एक सोसायटी, नाव नको. सेक्रेटरी काका वार्षिक सभेची नोटीस मराठीत टाइप करत होते. मराठी टायपिंगचं एक विकतचं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून मिळतं असं कोणीतरी सांगितलं, त्यांनी एका व्हिडिओखालच्या लिंकवरून उतरवलं. सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, आधी अँटीव्हायरस बंद करा. त्यांनी केला. पडद्यावर विंडोज अपडेट चालू असल्याची खिडकी आली, टक्के वाढत गेले, काका चहा प्यायला गेले. अपडेट खोटं होतं. त्या खिडकीच्या आड एकेक फाइल कुलूपबंद होत होती. परत आले तेव्हा सभासदांची यादी, मेन्टेनन्सची बिलं, अकरा वर्षांचे ठराव, सगळ्यांच्या नावांमागे चार अक्षरांचं अनोळखी शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक ‘रीडमी’ चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर निम्मे, ४९०.

हा स्टॉप किंवा जेव्हू म्हणून ओळखला जाणारा प्रकार, घरगुती मशीनवरचा नेहमीचा गुन्हेगार. पैसे द्यायचे नाहीत, हे मी दारातच सांगितलं. मग ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर गेलो. डच पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी मिळून २०१६ मध्ये ते सुरू केलं. कोणत्या कुलपाची चावी फुकट मिळते हे तिथे कळतं. या जेव्हूचं असं आहे, की लागण झाली तेव्हा त्याचा चोरांच्या सर्व्हरशी संपर्क झाला नसेल तर तो ठरलेली चावी वापरतो, आणि ती कधी कधी उपलब्ध असते. संपर्क झाला असेल तर प्रत्येक मशीनची चावी वेगळी. काकांच्या इथे संपर्क झाला होता. फाइली उघडल्या नाहीत, आजही नाहीत.

सोसायटी वाचली ती खजिनदार बाईंमुळे. त्या दर महिन्याच्या शेवटी हिशेबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन घरी नेत, कारण त्यांचा कॉम्प्युटरवर मुळातच विश्वास नव्हता. हिशेब परत आले. ठराव गेले ते गेले. छापील प्रती स्कॅन करत बसलो. आणि ज्यासाठी हे रामायण झालं ते मराठी टायपिंग विंडोजमध्ये फुकट आहे. भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी घ्या. इनस्क्रिप्टही मिळतो आणि रोमन अक्षरांतून लिहायचा फोनेटिक कळफलकही. ऑफिसच्या ऐवजी फुकटचं लिब्रे ऑफिस चालतं.

म्हणून बॅकअप. बाहेरची एक हार्ड डिस्क घ्या, बाबांचे फोटो-कागद तिच्यावर कॉपी करा, आणि वायर काढून कपाटात ठेवा. वायर काढणं हा यातला महत्त्वाचा भाग आहे, कारण लावून ठेवलेली डिस्क हा रॅन्समवेअरला आणखी एक ड्राइव्हच दिसतो. ‘माझं सगळं गुगल ड्राइव्हवर आहे’ असंही ऐकतो. ते चांगलंच आहे, पण बिघडलेली फाइलही इमानेइतबारे वर चढते. जुनी आवृत्ती परत मिळते, साधारण ३० दिवसांपर्यंत; म्हणजे वेळेत लक्षात यायला हवं. मी दोन्ही ठेवतो. बाबांसाठी महिन्यातून एकदा, पेन्शन जमा झाली की बॅकअप, असं जोडून दिलंत तर विसरणार नाहीत.

आता तुमचा मूळ प्रश्न, कोणता अँटीव्हायरस. विंडोजमध्येच येणारा डिफेंडर पुरेसा आहे, फक्त तो खरंच चालू आहे ना हे बघा. नवीन मशीनवर तीन महिन्यांचा किंवा वर्षाचा ट्रायल अँटीव्हायरस येतो, तो संपून वर्ष लोटलेलं असतं आणि घरचे समजत असतात की आपण सुरक्षित आहोत. ट्रायल संपला असेल तर तो अनइन्स्टॉल करा आणि डिफेंडर जागा झाला का ते तपासा. विकतचा घ्यायचा असेल, पुण्याचा क्विक हील असो की परदेशी, माझा विरोध नाही. पण एकच ठेवा. दोन एकत्र ठेवले की ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. डिफेंडरवर राहिलात तर ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ चालू करून बघा. अनोळखी प्रोग्रामला तो डॉक्युमेंट्समध्ये हात घालू देत नाही. सुरुवातीला चांगल्या प्रोग्रामलाही अडवतो, थोडा त्रास देतो. महिनाभर सहन झाला तर ठेवा.

मशीनवर विंडोज १० असेल तर मात्र अँटीव्हायरसपेक्षा ते आधी. त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केलेल्या घरगुती मशीनना ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात; नोंदणी नसेल तर काहीच नाही. अपडेट पुढे ढकलण्याची किंमत आपण २०१७ मध्ये पाहिली आहे. वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर १२ मे रोजी पसरला, आणि ते भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. जूनमध्ये तेच भोक वापरणारा नॉटपेट्या आला तेव्हा आपल्या न्हावा शेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं. मशीन विंडोज ११ला चालत नसेल आणि बाबांचं काम ब्राउझरपुरतंच असेल, तर विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट टाकून द्या. मी चार-पाच घरांत टाकलाय, तक्रार फक्त पत्त्यांच्या खेळाची आली.

दोन बारीक गोष्टी. उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस’ अशा चिठ्ठ्या येत असतील तर तो बहुधा व्हायरस नसतो. कुठल्यातरी संकेतस्थळाला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते. क्रोमच्या साइट सेटिंग्जमधून काढा. त्या चिठ्ठीत फोन नंबर असेल तर लावू नका, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. आणि झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला न्यायचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यात दुसरं काही नको. परत आल्यावर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसले तर क्लिक न करता तो पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. बॅकअपची डिस्क त्या दुकानाच्या पायरीवरही नेऊ नका.

शनिवारी गिरगावात जाल तेव्हा हा क्रम ठेवा: आधी फाइलचा टाइप, मग जरूर वाटली तर कागद कॉपी करून फॉरमॅट, मग विंडोजची सगळी अपडेट, मग दोन खाती, मग शेपटं दाखवायची खूण, आणि शेवटी हार्ड डिस्कवर पहिला बॅकअप. फॉरमॅटसकट अर्धा दिवस धरा. त्यातला पाऊण तास बाबांना जुने पासवर्ड आठवण्यात जाईल, तेव्हा कपाटातली वही आधी काढून ठेवायला सांगा.